मोजणीच्या स्टेशनांना कोयनेची जमीनही मोजू द्या

प्रति,
मा. महासर्वेक्षक, भारतीय सर्वेक्षण विभाग, डेहराडून
मा. जमाबंदी आयुक्त आणि संचालक, भूमी अभिलेख, महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : सातारा-सांगली भागातील कॉर्स (उपग्रहांचे सिग्नल अखंड टिपणाऱ्या) स्टेशनांचा कच्चा डेटा कायम जपणे, त्याचे रोजचे प्री-प्रोसेसिंग (वापरण्याआधीची साफसफाई) आपोआप करणे आणि निकाल खुले करणे.

महोदय,

मी कराड परिसरात स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सर्वेक्षण शिकवते. हे पत्र टपालाने पाठवून थांबता आले असते. पण विषय पाटण, कराड, शिराळा, वाळवा या तालुक्यांतल्या लोकांच्या पायाखालच्या जमिनीचा आहे, म्हणून ते सर्वांसमोर लिहिते आहे.

आमच्याकडे मोजणीला येणारा भूकरमापक आता रोव्हर, म्हणजे काठीवर बसवलेला उपग्रह-सिग्नलचा रिसीव्हर, घेऊन येतो. प्लेन टेबल आणि साखळी मागे पडली. बांधावर रोव्हरची काठी उभी केली की काही सेकंदांत त्या जागेचे अक्षांश-रेखांश सेंटिमीटरच्या नेमकेपणाने मिळतात. यामागे आपण राज्यभर उभारलेली कॉर्स स्टेशने आहेत. ती चोवीस तास, बारा महिने एका जागी उभी राहून उपग्रहांचे सिग्नल टिपतात आणि रोव्हरला दुरुस्त्या पुरवतात. हद्द कायम करून घेण्यासाठी तालुक्याला खेटे घालणाऱ्या शेतकऱ्याला या सोयीचा किती आधार वाटतो, ते मी गावोगाव पाहते. आपल्या दोन्ही विभागांचे हे काम मोठे आहे आणि त्याबद्दल मनापासून आभार.

माझी विनंती त्याच्या पुढची आहे. रोव्हरला दुरुस्ती पोहोचली की मोजणीपुरते त्या सेकंदाचे काम संपते. पण त्याच सेकंदाच्या नोंदी नीट साठवल्या, स्वच्छ केल्या आणि वर्षानुवर्षे एकापुढे एक मांडल्या, तर स्टेशन ज्या जमिनीवर उभे आहे ती जमीन कुठे सरकते, किती खचते, किती उचलली जाते, हे मिलिमीटरमध्ये सांगता येते. आणि ते सांगण्याची गरज साऱ्या महाराष्ट्रात कुठे असेल, तर ती कोयना-वारणेच्या खोऱ्यात आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेत झालेल्या भूकंपाची तीव्रता ६.३ होती. दीडशेहून अधिक माणसे गेली. धरणाच्या पाण्याशी नाते असलेल्या भूकंपांत जगातला हा सर्वांत मोठा मानला जातो. १९८५ पासून वारणेचा जलाशय भरू लागला आणि १९९० च्या दशकात धक्क्यांचा पट्टा दक्षिणेला वारणेकडे पसरला. आजवर पाचच्या वरचे वीसहून अधिक भूकंप या छोट्याशा टापूत झाले आहेत. साधारण तीस किलोमीटर लांब आणि वीस किलोमीटर रुंद असा हा टापू. अशी जागा जगात क्वचित सापडते, म्हणून तर कराडला केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल प्रयोगशाळा आहे आणि पाटण तालुक्यात गोठणे येथे २०१७ साली तीन किलोमीटर खोल चाचणी विवर पूर्ण झाले.

खोलवर काय चालले आहे ते विवरातून आणि भूकंपमापकांवरून कळते. पृष्ठभाग कसा वागतो हे कळायला उपग्रहांवर आधारलेली स्थाननिश्चिती लागते. कोयनेचा शिवसागर काठोकाठ भरला की त्यात १०५ टीएमसी पाणी असते, म्हणजे सुमारे तीन अब्ज टन वजन. त्यातला मोठा वाटा पावसाळ्याच्या चार महिन्यांत येऊन बसतो आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उतरतो. एवढ्या भाराने भोवतालचा खडक काही मिलिमीटर खाली दबतो आणि भार कमी झाला की परत वर येतो. भोवतालच्या मातीत आणि खडकांच्या भेगांत मुरलेल्या पाण्याचाही यात वाटा असतो. कोणत्या वर्षी किती दबला, किती उशिरा वर आला, वारणेच्या बाजूला वेगळे काही घडले का, हे आकडे दरवर्षी हाती असते तर भूकंपशास्त्रज्ञांचे काम किती पुढे गेले असते! आणि त्यासाठी नवी स्टेशने उभारल्याशिवाय चालणारच नाही असे नाही. जी आहेत त्यांचा डेटा नीट जपला आणि रोज नीट तयार केला, तरी मोठी सुरुवात होते.

‘नीट तयार करणे’, म्हणजेच प्री-प्रोसेसिंग, यात काय येते, ते सविस्तर लिहिते. बहुतेक ठिकाणी ही पायरी संगणक विभागाचे किरकोळ काम समजली जाते. माझ्या मते सारी भूगणितीय (पृथ्वीच्या मोजमापाची) विश्वासार्हता या पायरीवर उभी आहे.

स्टेशनवरचा रिसीव्हर आपल्या कंपनीच्या बंदिस्त फॉरमॅटमध्ये नोंदी लिहितो. त्या आधी सर्वांना वाचता येईल अशा फॉरमॅटमध्ये आणाव्या लागतात. रायनेक्स नावाचा हा फॉरमॅट १९८९ मध्ये बर्न विद्यापीठात वेर्नर गुर्टनर यांनी युरोपातल्या एका मोठ्या मोजणी मोहिमेसाठी पुढे आणला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिसीव्हरांचा डेटा एकत्र करायचा कसा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. आज जगभर तोच चालतो. मग तासातासाच्या फायली जोडून चोवीस तासांची एक फाइल करायची. हा दिवस आपल्या घड्याळाचा नसतो. जागतिक वेळेनुसार तो आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. शिवाय जीपीएसची स्वतःची वेळ जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. फायली हाताने जोडणारा माणूस इथे हमखास गोंधळतो आणि आदल्या दिवसाचे साडेपाच तास दुसऱ्या दिवसाच्या नावाने साठवले जातात. हे काम यंत्राने करायचे, रोज एकाच पद्धतीने, न कंटाळता.

त्यानंतर येतो फाइलीचा हेडर, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या ओळी. स्टेशनचे नाव, रिसीव्हरचा प्रकार, अँटेनाचा प्रकार, तिच्यावरचे घुमटासारखे आवरण कोणते, खांबावरच्या खुणेपासून अँटेनाची उंची किती, एवढी चार ओळींची माहिती. पण भूगणितात याहून महत्त्वाच्या ओळी नाहीत. उपग्रहाचा सिग्नल अँटेनाच्या ज्या बिंदूवर पोहोचला असे आपण मानतो, तो बिंदू अँटेनाच्या धातूवर कुठेही दाखवता येत नाही. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा, प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा आणि उपग्रह किती उंचावर आहे त्यानुसार किंचित हलणारा असतो. त्याच्या दुरुस्त्यांची कोष्टके जगभरासाठी एकत्र ठेवलेली आहेत. हेडरमध्ये मॉडेलचे नाव किंवा आवरणाचा कोड चुकला की संगणक चुकीचे कोष्टक उचलतो आणि उंचीत सेंटिमीटरची चूक मुकाट्याने शिरते.

याचा अनुभव आम्ही घेतला आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी एका यंत्रणेकडून एका स्टेशनचा काही वर्षांचा डेटा मिळवला. फायलींच्या हेडरमध्ये अँटेनाचे नाव कोरे होते आणि उंचीच्या जागी शून्य होते. आलेख काढला तर मध्येच एके दिवशी स्टेशनची उंची एकदम बदललेली दिसली. जमीन हलली म्हणावे तर त्या दिवशी आसपास कुठे धक्का नव्हता. यंत्रणेकडे बदलाची लेखी नोंद नव्हती. शेवटी तिथल्या पहारेकऱ्याने सांगितले की दिवाळी झाल्यावर माणसे येऊन वरचे यंत्र बदलून गेली होती. त्या मुलांनी पुढे डेटाचा तेवढा भाग सोडून दिला, कारण नेमकी तारीख आणि दोन्ही अँटेनांचे प्रकार कळल्याशिवाय जमिनीची हालचाल आणि यंत्राची अदलाबदल वेगळी करता येत नाही. वर्षांची मेहनत, वीज, इंटरनेट, स्टेशनचा खर्च, सगळे झाले होते. राहिली होती ती वहीतली एक ओळ.

महोदय, भारतीय सर्वेक्षण विभागाला हे मी सांगावे असे नाही. १८०२ मध्ये भारताचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणाऱ्या लॅम्बटन यांनी मद्रासजवळ पायारेषा (जिच्यावरून पुढची अंतरे काढतात ती रेषा) मोजली, तेव्हा पोलादी साखळी लाकडी पेट्यांत ठेवून बाजूला थर्मामीटर लावले होते आणि तापमान टिपले जात होते, कारण उन्हात साखळी किती लांबली ते माहीत असल्याशिवाय लांबीला अर्थ नव्हता. जी शिस्त त्या साखळीला होती, तीच आज अँटेनाला हवी. स्टेशनला भेट देणाऱ्या प्रत्येक माणसाने काय बदलले, केव्हा बदलले, याची संगणकीय नोंदवही असावी. आणि रोज येणाऱ्या फाइलीचा हेडर त्या नोंदवहीशी आपोआप ताडून पाहिला जावा. जुळले नाही तर फाइल पुढे जाऊ नये आणि संबंधित अधिकाऱ्याला त्याच दिवशी कळावे. प्री-प्रोसेसिंगच्या साखळीतली ही सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त फळ देणारी पायरी आहे.

आता सिग्नलकडे येते. रिसीव्हर उपग्रहाच्या लहरी मोजत असतो. जीपीएसच्या पहिल्या फ्रिक्वेन्सीवर एका लहरीची लांबी १९ सेंटिमीटर असते, दुसरीवर सुमारे २४. रिसीव्हर लहरीचा अंशही मोजतो, म्हणून मिलिमीटरची अचूकता मिळते. पण मध्येच सिग्नल तुटला, झाड आडवे आले, वातावरणात खळबळ झाली, तर पूर्ण लहरींची मोजदाद सुटते आणि पुन्हा सुरू होताना भलत्याच आकड्यावरून सुरू होते. जुन्या मोजणीत ३३ फुटी साखळी टाकत जाताना मध्येच एक साखळी मोजायची राहिली, तर अंतर नेमके ३३ फुटांनी चुकायचे, एक फूटही कमी-जास्त नाही. इथेही तसेच: चूक पूर्ण लहरींच्या पटीत असते. याला सायकल स्लिप म्हणतात आणि ती शोधून दुरुस्त करणे, किंवा तिथून पुढे नवी मोजदाद समजणे, हे प्री-प्रोसेसिंगचे मुख्य काम.

१९९० मध्ये जेफ्री ब्लूइट यांनी ही शोधाशोध माणसाच्या नजरेविना करण्याची पद्धत मांडली. दोन फ्रिक्वेन्सींच्या लहरींची आणि कोडच्या (सिग्नलमधल्या वेळदर्शक खुणांच्या) नोंदींची अशी सांगड घालायची की उपग्रहाचे अंतर, घड्याळांच्या चुका आणि आयनोस्फिअरचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा) मुख्य परिणाम एकमेकांत जिरून जावा. उरते ती ८६ सेंटिमीटरच्या कृत्रिम लहरीची मोजदाद, आणि तिच्यातली उडी ठळक दिसते. जोडीला दुसरी सांगड अशी, जिच्यात फक्त आयनोस्फिअर आणि उड्या उरतात. दोन्हींवर एकाच वेळी नजर ठेवली की बहुतेक उड्या सापडतात. तीस सेकंदांना एक नोंद धरली तर दिवसाच्या २,८८० वेळा होतात. प्रत्येक वेळी डोक्यावर असलेले उपग्रह आणि प्रत्येकाच्या दोन-तीन फ्रिक्वेन्सी धरल्या तर एका स्टेशनचे एका दिवसाचे आकडे लाखांत जातात. कोणताही माणूस हे रोज पाहू शकत नाही.

पण इथेच आमच्या भागासाठी एक सावधगिरी हवी, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. केवढा बदल म्हणजे सायकल स्लिप समजायची, याच्या ज्या मर्यादांसह बाहेरची सॉफ्टवेअर येतात त्या बहुतांशी मध्यम अक्षांशांच्या प्रदेशांत घासूनपुसून ठरलेल्या आहेत. आपण सतरा-अठरा अंशांवर आहोत. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आयनोस्फिअरचा जो दाट पट्टा असतो, त्याच्या उंबऱ्यावर आपला भाग येतो. सूर्यास्तानंतर काही तास, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, सिग्नल इथे चमचमतो आणि तुटतो. २०२४ मध्ये सूर्याची सक्रियता शिखराजवळ होती. त्या वर्षी १० आणि ११ मे रोजी मोठे भूचुंबकीय वादळही झाले. अशा संध्याकाळी दुसऱ्या सांगडीत नुसत्या आयनोस्फिअरच्या बदलाने एवढा उतारचढाव होतो की बाहेरून आणलेली मर्यादा त्याला सायकल स्लिप समजते. मग चांगल्या नोंदीही कापल्या जातात, किंवा संपूर्ण संध्याकाळ गायब होते. मर्यादा फार सैल ठेवली तर खऱ्या उड्या निसटतात. त्यामुळे साखळी आपोआप चालावी, पण तिचे आकडे इथल्या डेटावर ठरवावेत. त्यासाठी जुना डेटा हवाच.

सह्याद्रीचाही स्वतःचा हिशेब आहे. कोयनानगर, हेळवाकच्या बाजूला डोंगर इतके उठलेले आहेत की पश्चिमेचे आकाश अर्धे झाकलेले असते. तिथल्या फाइलीत सपाट माळावरच्या स्टेशनपेक्षा नोंदी कमीच असणार. किमान किती टक्के नोंदी हव्यात याचा एकच आकडा सर्वांना लावला तर डोंगरातले स्टेशन कायम नापास होईल. प्रत्येक स्टेशनचे आपले क्षितिज एकदा मोजून ठेवावे आणि त्याच्याशी तुलना करावी.

मल्टिपाथबद्दलही, म्हणजे आपटून येणाऱ्या सिग्नलबद्दलही, थोडे सांगते. कार्यालयाच्या गच्चीवर अँटेना असते, शेजारी पाण्याची टाकी, पत्र्याची शेड, कधी मोबाइलचा टॉवर. सिग्नल तिथे आपटून उशिरा येतो आणि मोजमाप बिघडवतो. ही चूक ओळखायची एक देखणी युक्ती आहे: जीपीएसचे उपग्रह आकाशात रोज त्याच मार्गाने, पण आदल्या दिवसापेक्षा सुमारे चार मिनिटे आधी दिसतात. म्हणून टाकीवरून येणारा बिघाडही रोज चार मिनिटे आधी येतो. आलेख एकाखाली एक लावले की तो तिरका सरकताना दिसतो. आणि तो सरकता बिघाड एखाद्या दिवसापासून नव्याने सुरू झाला, तर समजावे की गच्चीवर कोणीतरी नवे काहीतरी उभे केले आहे. फोटो मागवायचीही गरज नाही.

बाकीच्या पायऱ्या रूढ आहेत: एका सेकंदाच्या नोंदींतून तीस सेकंदांच्या नोंदी काढणे, घड्याळाच्या मिलिसेकंद उड्या सांभाळणे, उपग्रहांच्या नेमक्या कक्षा आणणे. आंतरराष्ट्रीय जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रह यंत्रणांच्या) सेवेच्या जलद कक्षा दुसऱ्या दिवशी मिळतात, अंतिम कक्षांना साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून साखळी दोनदा चालवावी. पहिल्यांदा दुसऱ्याच दिवशी, स्टेशन धडधाकट आहे ना हे पाहण्यासाठी. दुसऱ्यांदा दोन आठवड्यांनी, कायमच्या नोंदीसाठी.

साधनांबाबत एक विनंती. बऱ्याच प्रयोगशाळांतल्या जुन्या स्क्रिप्ट टीईक्यूसी या अमेरिकी प्रोग्रामभोवती लिहिलेल्या आहेत. तो उत्तम होता, पण त्याचा विकास २०१९ मध्ये थांबला आणि तो रायनेक्सच्या दुसऱ्या आवृत्तीपुरताच होता. ‘नाविक’ या आपल्या भारतीय स्थाननिश्चिती यंत्रणेच्या उपग्रहांचे सिग्नल नीट साठवायचे तर तिसरी किंवा चौथी आवृत्ती लागते. आपलेच उपग्रह आपल्याच फायलींतून गळून पडावेत हे बरे नाही. नवी साखळी उभारताना नव्या आवृत्त्या समजणारी साधने घ्यावीत. संशोधनासाठी मोफत मिळणारी चांगली साधने आहेत आणि विद्यार्थी ती शिकू शकतात.

आणि सर्वांत महत्त्वाची अट: यंत्राने मूळ फाइलीला कधीही हात लावू नये. जे दुरुस्त केले ते वेगळे साठवावे, काय वगळले आणि कोणत्या मर्यादेमुळे वगळले ते लिहून ठेवावे. आज आपण ज्याला गोंगाट समजून काढतो, ते दहा वर्षांनी कुणाच्या तरी अभ्यासाचा विषय असेल. त्या संध्याकाळच्या चमचमीतून कोणी आयनोस्फिअर शिकेल. ओल्या हवेमुळे सिग्नलला होणाऱ्या उशिरातून आकाशातली बाष्पाची मात्रा काढता येते. महाबळेश्वरला आयआयटीएम या पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे, तिच्या जवळच्या स्टेशनांवरचा हा आकडा पावसाळ्यात रोज मिळू लागला तर तो वाया जाणार नाही. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आले. अशा उतारांवर स्वस्त रिसीव्हर बसवून लक्ष ठेवायचे म्हटले, तर त्यांना तुलनेसाठी जवळचे एक स्थिर, स्वच्छ डेटाचे स्टेशन लागते. ते कॉर्सच असू शकते.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याच्या मोजणीला याचा काय उपयोग? खरे सांगायचे तर दोन-चार सेंटिमीटरने उसाच्या बांधाचे भांडण सुटत नाही की वाढत नाही. गावठाणातल्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत मात्र तेवढ्यावरून कोर्टाची पायरी चढली जाते. निमताना मोजणीत, म्हणजे फेरतपासणीच्या मोजणीत, आधीच्या मोजणीवर आक्षेप आला, तर त्या दिवशी, त्या तासाला आधाराचे स्टेशन ठीक होते का, हे कागदावर दाखवता आले पाहिजे. रोजचा तपासणी अहवाल असेल तर ते एका मिनिटात दाखवता येईल. दुसरे म्हणजे, भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. दहा वर्षांत अर्धा मीटर. स्टेशनांचे सहनिर्देशक (स्थानाचे आकडे) एका ठरावीक तारखेला बांधलेले असले तर रोव्हरच्या मोजणीत हे दिसत नाही, कारण सगळेच सोबत सरकते. पण उद्या कोणी जागतिक सेवेवरून आजच्या तारखेचे सहनिर्देशक काढले आणि जुन्या ‘क’ प्रतीवर (मोजणीच्या नकाशावर) टाकले, तर अर्धा मीटर फरक येईल आणि भाऊबंद एकमेकांना दोष देत बसतील. कोणत्या तारखेचे सहनिर्देशक आणि त्यानंतर स्टेशन किती सरकले, हे रोजच्या प्रक्रियेतूनच कळत राहते. ते नकाशावर छापावे.

खर्चाचा प्रश्न येणार. तीस सेकंदांच्या नोंदींची एका दिवसाची फाइल जपानच्या हातानाका यांच्या पद्धतीने दाबली की काही मेगाबाइटची होते. एका स्टेशनचे वर्ष साध्या मोबाइलमध्ये मावते. एका संगणकावर अनेक स्टेशनांचे रोजचे काम होते. जपानमध्ये सुमारे तेराशे स्टेशनांचे जाळे आहे आणि त्याचा डेटा खुला आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंपात एक स्टेशन पाच मीटरहून जास्त सरकल्याचे त्यातूनच कळले. अमेरिकेत नेवाडा विद्यापीठातली एक प्रयोगशाळा जगभरच्या वीस हजारांवर स्टेशनांचा डेटा आपोआप प्रक्रिया करून त्यांचे आलेख सर्वांना फुकट देते. आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ च्या भू-स्थानिक मार्गदर्शक तत्त्वांत कॉर्स आणि त्यांचा डेटा भारतीय संस्थांना सहज मिळावा अशी भूमिका घेतली आहे आणि २०२२ च्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणाचा रोखही मोकळेपणाकडे आहे. म्हणजे धोरण अडवत नाही.

घाई मात्र हवी. स्टेशनचा वेग भरवशाने काढायला किमान अडीच वर्षांचा अखंड डेटा लागतो असे ब्लूइट आणि लाव्हाले यांनी २००२ मध्ये दाखवले, कारण त्याहून कमी काळात वर्षाचा चढउतार वेगातच मिसळून जातो. आमच्याकडे तर वर्षाचा चढउतार पावसाचा आणि धरणाचा, भरभक्कम. कोयना-वारणेसारख्या ठिकाणी जिथे हालचाल वर्षाला मिलिमीटरच्या आसपास मोजायची आहे, तिथे त्याच्या कितीतरी पट काळ लागेल. गेलेल्या वर्षांचा कच्चा डेटा पुसला गेला, तर तो नंतर कितीही पैसे देऊन परत मोजता येणार नाही.

म्हणून आपल्याकडे मागणे आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या आणि लगतच्या स्टेशनांपासून सुरुवात करावी. आजवरचा जेवढा कच्चा डेटा हाती आहे तो पुसू नये असा लेखी आदेश आधी काढावा; बाकीचे महिन्या-दोन महिन्यांनी झाले तरी चालेल, हे मात्र आज. प्रत्येक स्टेशनची नोंदवही सार्वजनिक करावी, मागच्या अँटेना-बदलांच्या तारखा कागदपत्रांतून आणि प्रसंगी तिथल्या माणसांना विचारून भरून काढाव्यात. तीस सेकंदांच्या रोजच्या फायली, तपासणी अहवाल आणि स्थानांचे आलेख भारतीय विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना विनाशुल्क उपलब्ध करावेत. आणि साखळीच्या मर्यादा ठरवण्यासाठी एक छोटा गट नेमावा, ज्यात कराडच्या बोअरहोल प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ, आपल्या विभागांतले अधिकारी आणि या दोन जिल्ह्यांतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले शिक्षक असतील.

मनुष्यबळाची अडचण असेल तर आमच्याकडे मुले आहेत. प्रत्येक वर्षी अंतिम वर्षाचे विद्यार्थी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात आणि पायथॉन त्यांना येते. हेडर ताडून पाहणारी स्क्रिप्ट, गच्चीवरच्या मल्टिपाथचा नकाशा, स्टेशनांची क्षितिजे मोजणे, जुन्या अँटेना-बदलांचा शोध, ही सगळी कामे ते करू शकतात, आणि हे करताना जे सर्वेक्षण शिकतील ते मी फळ्यावर शिकवू शकत नाही. आपण डेटा आणि परवानगी द्या, देखरेख ठेवा. पहिल्या सत्राचे नियोजन मी आणि माझे सहकारी जून महिन्याच्या आत करून आपल्यापुढे ठेवू.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
सर्वेक्षण विषयाची एक प्राध्यापिका
कराड, जि. सातारा